शेततळ्यांतील मासे एकाएकीं कां मरतात ?

शेततळ्यांत मासे पाळण्याचा उद्योग आपल्याकडे अलीकडे पुष्कळ पसरला आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढल्यापासून तर कोरडवाहू मुलुखांतही तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशीं तळीं दिसूं लागलीं. आणि पाणी सांठलेंच आहे तर त्यांत चार मासे कां सोडूं नयेत, हा विचार कोणाही संसारी माणसास सुचण्यासारखाच आहे. या उद्योगाची शिफारस करणारे लेख पुष्कळ निघतात. बीज किती सोडावें, खाद्य काय घालावें, वर्षाअखेर उत्पन्न किती येईल, हें त्यांत तपशिलानें असतें. परंतु एके दिवशीं सकाळीं तळ्यावर जावें तों सगळें पाणी पांढऱ्या पोटांनीं भरलेलें दिसावें, असा प्रसंग आला म्हणजे काय करावें, हें मात्र त्यांत सहसा नसतें. असे प्रसंग विरळ नाहींत, म्हणून त्यांविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

असा घात झाला म्हणजे पहिला संशय विषाचा येतो. ज्याचा बांधावरून कोणाशींच तंटा नाहीं असा शेतकरी विरळा. त्यामुळें संशयास माणूसही तयारच असतो. दुसरा मार्ग औषधाचा. दुकानदार सांगेल तें औषध, शेजारी सांगेल तितका चुना, असें सर्व कांहीं त्याच दिवशीं पाण्यांत पडतें. या दोन्ही मार्गांत खरें कारण शोधण्याची वेळ निघून जाते; कारण मेलेल्या माशांनीं व तळ्याच्या पाण्यानें जी साक्ष द्यावयाची, ती पहिल्या चार-सहा तासांतच द्यावयाची असते. म्हणून पाण्यांत कांहीं टाकण्यापूर्वीं तळ्याभोवतीं एक फेरी मारावी, आणि मासे कोणत्या वेळीं मेले, त्यांत कोण आधीं मेला व कोण जिवंत राहिला, हें पाहावें.

पहांटे मेलेल्या माशांचा विचार प्रथम करूं, कारण अशा मृत्यूंचीच संख्या मोठी असते. माशांस श्वासासाठीं लागणारा प्राणवायु पाण्यांत विरघळलेला असावा लागतो, व तो पाण्यांत फार थोडा मावतो. ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत हवेंतून जितका विरघळूं शकेल तितका सर्व विरघळला, तरी तो लिटरमागें सुमारें साडेसात मिलिग्रॅम भरतो. २० अंशांवर नऊच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यांत माशांची भूक व श्वास वाढतो, आणि नेमका त्याच वेळीं पाण्यांतील सांठा घटतो. कटला-रोहूंस पांच मिलिग्रॅमच्या वर असला तर चांगलें मानवतें. तिनाच्या खालीं ते मलूल होतात, खाणें सोडतात. एकाच्या आसपास ते मरूं लागतात.

आतां हा प्राणवायु तळ्यास पुरवितो कोण ? कांहीं अंशीं वारा. पण मुख्यतः पाण्यास हिरवा रंग आणणारें सूक्ष्म शेवाळ. दिवसां उन्हांत तें प्राणवायु सोडतें. परंतु सूर्य मावळला कीं तेंच शेवाळ माशांप्रमाणें प्राणवायु घेऊं लागतें. तळाचा गाळ, उरलेली पेंड, टाकलेलें शेण हींही कुजतांना तोच घेतात. रात्रभर खर्च चालू आणि जमा जवळजवळ बंद. अशा खात्याची शिल्लक सर्वांत कमी केव्हां असेल, तर तांबडें फुटण्याच्या सुमारास. दिवस उन्हाचे असतील तर संध्याकाळची शिल्लक रात्रीस पुरून उरते. लागोपाठ दोन-तीन दिवस आभाळ झांकलेलें राहिलें व वारा पडला, तर ती पुरत नाहीं. पाणी जितकें अधिक हिरवें तितका धोका अधिक, ही गोष्ट पुष्कळांस खरी वाटत नाहीं. कारण हिरवें पाणी म्हणजे माशांस भरपूर अन्न, असें त्यांनीं ऐकलेलें असतें, आणि तेंही खोटें नाहीं. पाणी गढूळ नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. कोपरापर्यंत हात सरळ पाण्यांत बुडवावा. त्या खोलीवर तळवा अंधुक होत असेल तर रंग बेताचा. मनगट बुडतें न बुडतें तोंच बोटें दिसेनाशीं झालीं, तर शेवाळ फाजील झालें असें समजावें.

प्राणवायूच्या तुटीनें मेलेल्या माशाचें तोंड बहुधा उघडें व कल्ले ताणलेले असतात. मोठे मासे आधीं मरतात, लहान मागाहून. चंदेरा व कटला लवकर जातात. मरळ व मांगूर यांस पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतां येते. ते खुशाल असतात. चिलापीही बराच वेळ तग धरतो. अनेकदां मृत्यूच्या अगोदर दोन-तीन दिवस पहांटे मासे पृष्ठभागीं येऊन आ करीत फिरतात, व ऊन चढलें कीं खालीं जातात. ही सूचना मिळते खरी, परंतु पहांटे तळ्यावर जातो कोण ? जो आठ वाजतां खाद्य घेऊन जातो, त्यास तळें रोज निरोगीच दिसतें.

आमच्या पाहण्यांतील दोन चुलतभावांचीं तळीं एका बांधाच्या दोन बाजूंस आहेत. भाद्रपदांत चार दिवस झड लागली व पांचव्या पहांटे थोरल्याच्या तळ्यांतील मासे मेले. धाकट्याचा एकही मेला नाहीं. यापेक्षां उघड पुरावा तो कोणता हवा ! बोलणें तुटलें, सामाईक विहिरीवरचा पंप बंद झाला, व त्या पंपावर दोघांचीही रब्बी अवलंबून होती. वस्तुतः मासे लवकर पैसा देतील म्हणून थोरल्यानें गुंठ्यास दोनशेंच्या वर बोटुकली सोडली होती, आणि झडीच्या दिवसांतही पेंड व कोंडा तो पूर्ववत् घालीत होता. मासे खात नव्हते. खाद्य तळाशीं कुजत होतें. धाकट्याचा हात तंग. त्याच्या तळ्यांत बीज थोडें व खाद्य त्याहून थोडें. गरिबीनें त्याचे मासे वाचविले, आणि ते वाचल्यामुळेंच तो आरोपी ठरला. गुंठ्यास पन्नास ते शंभर बोटुकली, म्हणजे हेक्टरीं ५ ते १० हजार, हें प्रमाण ज्यांच्यापाशीं पाणी हालविण्याचें यंत्र नाहीं त्यांनीं ओलांडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

झडीइतकीच धास्ती मृगाच्या पहिल्या जोरदार सरीची बाळगावी. वैशाखांत खोल तळ्याचें वरचें पाणी तापून हलकें होतें व खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतें; दोन्ही मिसळत नाहींत. खालच्या थरांतील प्राणवायु संपतो, आणि गाळांत कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु सांठतो. पावसाचें थंड पाणी जोरानें पडलें म्हणजे हे थर मोडतात आणि तळचें सर्व वाईट वर येतें. पाऊस पडला, उकाडा गेला, म्हणून माणूस ज्या रात्रीं सुखानें झोंपतो, तीच रात्र माशांस घातक होते.

मासे आ करतांना दिसले तर उपाय साधा आहे. खाद्य व शेण ताबडतोब बंद करावें. पंपानें तळ्याचेंच वरचें पाणी उचलून फवाऱ्यानें किंवा फळीवर आपटून पुन्हां तळ्यांत सोडावें. हें रात्रीं दोन-तीनपासून ऊन चढेपर्यंत करावें, व आभाळ फांटेपर्यंत रोज करावें. विंधन विहिरीचें पाणी सोडावयाचें असेल तर तेंही उंचावरून पाडावें. कारण जमिनीखालच्या पाण्यांत प्राणवायु फारच थोडा असतो, आणि नळी बुडवून सोडलेलें तें पाणी साहाय्य करण्याऐवजीं नुकसान करतें.

फाजील शेवाळ मारण्यासाठीं मोरचूद टाकण्याची एक रीत द्राक्षांच्या मुलुखांत आढळते. बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद घरांत असतोच. तो टाकल्यावर पाणी निवळतें व मालकास समाधान होतें. परंतु सर्व शेवाळ एकदम मेलें म्हणजे प्राणवायु देणारें कोणी उरत नाहीं आणि कुजणारें मात्र खंडोगणती. शिवाय तांबें स्वतः माशांस विषारी आहे तें वेगळेंच. शेवाळ कमी करावयाचें तर त्याचें खत कमी करावें. कांहीं वेळां शेवाळ आपोआपही एकदम मरतें. हिरवें पाणी एका दिवसांत तपकिरी किंवा चहासारखें झालें, तर त्या रात्रीं पंप तयार ठेवावा.

मासे दुपारीं किंवा संध्याकाळीं मरत असतील तर प्राणवायूऐवजीं अमोनियाकडे लक्ष द्यावें. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या खाद्यांतून अमोनिया सतत पाण्यांत येत असतो. त्याचीं रूपें दोन, आणि त्यांतील एकच तीव्र विषारी. कोणतें रूप किती, हें पाण्याच्या सामूवर ठरतें. उन्हाळ्याच्या पाण्यांत सामू ७ असतां विषारी भाग शेंकडा एकाहूनही कमी, ८ असतां सुमारें सात, आणि ९ असतां चाळीसच्या वर. गर्द हिरव्या तळ्याचा सामू दुपारीं सहज नवापर्यंत चढतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यांत, जेथें मातीचा आधार नाहीं, तेथें तर विशेषच. अशा वेळीं 'चुना टाका' हा सरसकट सल्ला मानला म्हणजे सामू आणखी चढतो व उरलेलेही मासे जातात. चुना हें तळ्याचें उत्तम औषध आहे यांत शंका नाहीं, परंतु तें आंबट पाण्याचें औषध आहे. सामू पाहण्याचा कागद स्वस्त मिळतो. तो पाहिल्यावांचून चुन्याच्या पोत्यास हात लावूं नये. मेलेल्या माशाचें रक्त तांबडें नसून तपकिरी निघालें, तर दोष अमोनियापासून होणाऱ्या नायट्राइटचा. त्यावर खावयाचें साधें मीठ उपयोगीं पडतें. मिठांतील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आंत शिरूं देत नाहीं.

विषाची गोष्ट राहिली. विषानें मृत्यु कोणत्याही घटकेस येतो. मासे उसळ्या मारतात, वांकडेतिकडे धांवतात; लहान-मोठे बरोबर किंवा लहान आधीं मरतात; आणि मुख्य खूण ही कीं, मरळ वांचत नाहीं, व श्वासासाठीं वर येणारे पाणकिडे आणि झिंगेही मेलेले आढळतात. परंतु तेवढ्यावरून शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला फवारणीचा पंप कोठें धुतला तें आठवावें. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या वर्गाचीं कीटकनाशकें जनावरांस त्या मानानें सौम्य, पण माशांस अति तीव्र असतात. शंभरांत पंचवीस भाग सायपरमेथ्रिन असलेल्या दहा मिलिलिटर औषधांत मूळ विष सुमारें अडीच ग्रॅम. दीड हजार घनमीटर पाण्यांत तें सर्वत्र मिसळलें तर अब्ज भागांत पावणेदोन भाग भरतें, आणि कांहीं जातींच्या माशांस तितकेंही घातक होतें. पंचनाम्याची वेळ आलीच, तर स्वच्छ कांचेची बाटली तळ्याच्या पाण्यानें तीनदां विसळून कांठोकांठ भरावी, मरणोन्मुख असलेले दोन-चार मासे बर्फांत ठेवावे, व त्याच दिवशीं तपासणीस धाडावे. कुजलेल्या माशावरून कोणीही कांहीं सांगूं शकत नाहीं. रोग ओळखण्यासाठीं रत्नागिरीजवळ शिरगांव, नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयांचा सल्ला घ्यावा.

रोगानें तळें सहसा एका रात्रींत रिकामें होत नाहीं. रोज चार-दोन मासे मरतात. अंगावर ऊ दिसणें, मासे कांठास अंग घासणें, खवले झडून व्रण पडणें, हीं लक्षणें आधीं दिसतात. व्रणांची जी सांथ १९८८ सालीं भारतांत शिरली, ती हिंवाळ्याच्या थंड पाण्यांत जोर करते आणि मरळासारख्या काटक माशासही सोडीत नाहीं.

याहून गूढ तक्रार अशी कीं, मेलेला मासा एकही दिसला नाहीं, आणि जाळें ओढलें तों हजारांचे तीनशें निघाले. यांत पाणकावळा, दिवड व चोर यांचा वांटा असतो, सांडव्यावाटे निसटलेल्यांचाही असतो. कालव्याचें पाणी न गाळतां घेतलें असेल तर त्याबरोबर आलेला मरळ आंतल्या आंत बीज संपवितो. पूर्वीं नदीचें बीज धरून आणीत, तेव्हां असे खादाड मासे त्यांत मिसळलेलेच येत. १० जुलै १९५७ रोजीं हीरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनीं ओडिशांत अंगुल येथें कार्प माशांचें प्रेरित प्रजनन साधलें, तेव्हांपासून शुद्ध बिजाचा मार्ग खुला झाला. परंतु पुष्कळदां हे सातशें मासे वाढलेलेच नसतात. ते सोडल्यापासून तीन-चार दिवसांत मेलेले असतात. बोटाच्या पेराएवढें बीज प्रवासानें थकलेलें, पिशवींतील पाणी एका उष्णतेचें, तळ्याचें दुसऱ्या. पिशवी उघडून एकदम ओतलें कीं तें तळाशीं जातें, आणि इतका लहान जीव मेल्यावर कोणास दिसत नाहीं. पिशवी बंद स्थितींत अर्धा तास तळ्यांत तरंगत ठेवावी, मग थोडें थोडें तळ्याचें पाणी आंत घेऊन बीज आपण होऊन बाहेर पडूं द्यावें. त्याच बिजांतील पन्नास मोजून बारीक जाळीच्या हाप्यांत तीन दिवस तळ्यांतच वेगळे ठेवावे. चौथ्या दिवशीं त्यांतील किती जिवंत आहेत तें मोजावें, आणि त्याच प्रमाणानें तळ्यांतील बीज धरून पुढें किती खाद्य घालावयाचें तें ठरवावें.