इंपल्सच्या सांगाड्यात करिझ्माचं इंजिन: पोरांच्या हातचं कसब आणि आरसी बुकातला नंबर

वसई-विरारच्या कुठल्याही गॅरेजमध्ये संध्याकाळी उभं राहिलं की एक विषय हमखास निघतो. अमक्याने जुनी इंपल्स घेतली, तिच्यात करिझ्माचं इंजिन टाकतोय, मागचं मडगार्ड कापलंय, खोबणीचे टायर लावलेत, आता ती 'डर्ट बाइक' होणार. ऐकणारी मुलं नववी-दहावीची असतात, कधी त्याहून लहान. घरी वडिलांना विचारावं तर ते म्हणतात, 'गाडीबिडी काय नको, आधी पास हो.' विषय तिथेच संपतो आणि मुलगा पुन्हा गॅरेजवर. हे काम नेमकं काय आहे, त्यात शिकण्यासारखं काय आणि धोक्याचं काय, हे पालकांनाही कळावं म्हणून हा लेख.

आधी या दोन गाड्यांविषयी. होंडापासून वेगळी झाल्यावर हिरो कंपनीने २०११ साली ज्या पहिल्या गाड्या आणल्या, त्यांत इंपल्स होती. ब्राझीलमध्ये होंडा 'ब्रॉस' नावाची गाडी विकत होती, तिच्यावरूनच ही बेतलेली. उंच हँडल, लांब शॉकअब, खड्ड्यात न आपटणारं पोट. सगळं झकास, पण इंजिन १४९ सीसीचं, ताकद साधारण १३ हॉर्सपॉवर. चढावर किंवा वाळूत ते दमतं. गाडी फार खपली नाही, पुढे बंदही झाली. करिझ्मा त्याआधीची, २००३ सालची. रस्त्यावर पळायला बनवलेली, २२३ सीसी, साधारण १७ हॉर्सपॉवर. एकीकडे चांगला सांगाडा आणि कमजोर इंजिन, दुसरीकडे दणकट इंजिन आणि मातीत निरुपयोगी सांगाडा. दोन्ही एकाच घराण्यातले. मग देशभरातल्या हौशी मेकॅनिकांच्या डोक्यात एकच विचार आला आणि ही जोडी जमली. त्याआधीच्या पिढीत मातीच्या शर्यतींसाठी शोगन आणि सामुराईसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांवर असेच प्रयोग व्हायचे. तो धूर आणि तो आवाज चाळिशीतल्या मंडळींना आठवत असेल.

आता काम. लोकांना वाटतं, चार बोल्ट काढले, चार लावले. तसं नाही. इंजिन सांगाड्याला जिथे धरलेलं असतं त्या जागांना गॅरेजात 'फाउंडेशन' म्हणतात. दुसऱ्या गाडीच्या इंजिनाचे कान त्या जागी येत नाहीत. मग जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून नवी फाउंडेशन करावी लागतात. इथेच चांगला कारागीर आणि उतावळा पोऱ्या यांच्यातला फरक दिसतो. चांगला कारागीर इंजिन आधी लाकडी ठोकळ्यांवर टेकवतो, सुतळी आणि सरळ पट्टी लावून बघतो, पुठ्ठ्याचा नमुना कापतो, आणि सगळ्यात शेवटी वेल्डिंगला हात घालतो. कारण एक गोष्ट चुकली की बाकी सगळं चुकतं. इंजिनाचं छोटं चक्र आणि मागच्या चाकाचं मोठं चक्र एका रेषेत आलं पाहिजे. रेष हलली की चेन एका बाजूने झिजते, उडते, आणि वेगात असताना उडाली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

चेनचे नंबर मुलांना तोंडपाठ असतात, पण त्यांचा अर्थ कुणी सांगत नाही. ४२८ नंबरच्या चेनचा पहिला आकडा ४, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर इंचाचे चार अष्टमांश, अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ५२० मध्ये पाच अष्टमांश, जवळपास १५.९ मिलिमीटर. म्हणून एका नंबरची चेन दुसऱ्या नंबरच्या चक्रावर चढत नाही. पाचवी-सहावीत आपण अपूर्णांक शिकवतो तेव्हा हेच उदाहरण फळ्यावर घ्यायला काय हरकत आहे?

गुणोत्तर तर याहून मजेदार. पुढे १४ दात आणि मागे ४२ असतील तर इंजिनाकडचं चक्र तीनदा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. पुढे १३ आणि मागे ४५ केलं तर तेच प्रमाण ३.४६ होतं. गाडीचा कमाल वेग घटतो, पण ओढ वाढते. मातीत, चढावर हवी असते ती ओढ. वेग नव्हे. जो मुलगा गणिताच्या पेपरात गुणोत्तर-प्रमाण सोडून देतो, तोच गॅरेजमध्ये हे उभ्या उभ्या सांगतो. दोष कुणाचा, ते आम्ही शिक्षकांनीच ठरवायचं.

पुढचं काम वायरिंगचं. ठिणगी कधी पडायची हे ठरवणारी सीडीआयची डबी काही गाड्यांत बॅटरीवर चालते, काहींत थेट इंजिनातल्या कॉइलवर. इंजिन एकाचं आणि वायरिंग दुसऱ्याचं ठेवलं तर गाडी सुरूच होत नाही, नाहीतर डबी जळते. म्हणून शहाणे लोक इंजिनाबरोबर त्याची सीडीआय, कॉइल, रेग्युलेटर, कार्बोरेटर सगळं घेतात. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवायची आणि सीडीआय काढून ठेवायची, हा साधा नियम. तो न पाळल्याने नवी डबी फुंकली जाते.

ब्रेककडे मात्र बहुतेकांचं लक्षच नसतं. इंजिन वाढवलं, ब्रेक तेच. हिशोब असा आहे: गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरचा वेग म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट झाली. तीच ऊर्जा ब्रेकला गिळायची असते, आणि थांबायला लागणारं अंतरही तितकंच वाढतं. जे इंजिन बदलतात त्यांनी आधी ब्रेक, मग शॉकअब, मग इंजिन असा क्रम लावला पाहिजे. प्रत्यक्षात उलटं होतं, आणि सगळ्यात आधी सायलेन्सर बदलला जातो, कारण आवाज मोहल्ल्यात ऐकू जातो.

इथपर्यंत कारागिरीचं झालं. आता कायदा.

गाडीच्या आरसी बुकात दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनाचा. इंजिन बदललं की दुसरा नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट, अपंग व्यक्तीसाठी केलेली गाडी, अशा वाटा कायद्याने ठेवल्या आहेत, त्याही परवानगीनेच. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठाम सांगितलं. म्हणजे खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच मॉडेलचं इंजिन घालायचं असेल तर आरटीओत अर्ज करून नोंद करून घेण्याचा रस्ता आहे. दीडशेच्या जागी सव्वादोनशे सीसीचं घालून ती गाडी रस्त्यावर चालवायला रस्ता नाही. आमच्या एमएच-४८ च्या कुणा एजंटने 'करून देतो' म्हटलं तरी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट याच बदलावर ठेवू शकते.

आणि गाडी चालवणारा अठराच्या आतला असेल तर? कलम १९९अ पालकाला आणि गाडीच्या मालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. वालदैननी हे वाक्य दोनदा वाचावं. चांदरातीला आणि शब-ए-बारातला मुलं गाड्या घेऊन हायवेवर निघतात, दरवर्षी मशिदींतून आवाहन होतं, पोलीस नाकाबंदी लावतात. ज्या रात्री माणसं कब्रस्तानात जाऊन मरहूमांसाठी दुआ करतात, त्याच रात्री एखाद्या घरात नवं दुःख येऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

'आम्ही रस्त्यावर कुठे चालवतो, राजोडीच्या किनाऱ्यावर चालवतो,' असं उत्तर मिळतं. कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा. किनारा त्यात आला. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय गाडी घालणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा. तिवरांच्या चिखलातही नाही. राहते ती खाजगी जमीन, मालकाच्या परवानगीने; आणि तिथपर्यंत गाडी छोट्या टेम्पोत घालून न्यायची.

मग शर्यती करणारे कसं करतात? मोटर स्पोर्टची देशातली मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे. तिच्या लायसन्सवर, तिच्या नियमांत, बंद ट्रॅकवर. शर्यतीसाठीच बनलेल्या गाड्यांना नंबर प्लेटच नसते. महाराष्ट्रात या खेळाचं माहेर पुणे. २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी तिथेच झाली. त्याच महिन्यात केरळच्या हरिथ नोआने डकार रॅलीत 'रॅली २' गटात पहिला नंबर काढला. ज्याला मातीत फिरायचंय पण कटकट नको, त्याच्यासाठी २०१९ पासून एक्सपल्स २०० आहे, थेट शोरूममधून, पासिंगसह. जुनी घेतली तरी इंजिन बदलण्याच्या खटाटोपापेक्षा ती परवडते, असं आमचं मत.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. इंजिन येतं कुठून? कुर्ल्याच्या बाजारात, भंगारवाल्याकडे, 'ओळखीच्या' माणसाकडे. चोरीच्या गाडीचे भाग सुटे करून विकले जातात हे उघड गुपित आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा, आणि हराम तर आहेच. इंजिन स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं, नंबर घासलेला दिसला तरी डोळेझाक केली, तर उद्या पोलीस दारात येतात तेव्हा विकणारा सापडत नाही. सापडतो तो घेणारा, आणि ज्याच्या गॅरेजमध्ये इंजिन बसवलं तो उस्ताद. नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मिळाली पाहिजे, बिल मिळालं पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर उठून यायचं.

एवढं वाचून एखादा बाप म्हणेल, मग मुलाला गॅरेजपासून लांबच ठेवतो. आम्हाला ते पटत नाही. आपल्या समाजात उस्ताद-शागीर्दाची परंपरा जुनी आहे. क्रँकचा दांडा वापरून पाणी उपसणारी यंत्रं अल-जझारीने १२०६ साली आपल्या ग्रंथात आकृत्यांसह समजावून दिली होती, आणि मोटरसायकलचं इंजिन आजही क्रँकवरच फिरतं. वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांत लेथवर आणि वेल्डिंगवर आपलीच किती मुलं आहेत. कसब आहे, कागद नाही. कागद नसल्यामुळे दहा वर्षं काम केलेला मुलगा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'हेल्पर' म्हणून लागतो.

कागद मिळण्याचे मार्ग आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा, आणि वेल्डरसाठी आठवी पास पुरते. जो आधीच काम जाणतो, त्याच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत 'आरपीएल' नावाने आहे. इंजिनिअरिंगला गेलेल्यांसाठी 'बाहा' ही स्पर्धा: २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली, विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या चारचाकी गाड्या मातीत पळतात. तिच्यात मूळ नियम असा की इंजिन सगळ्यांना एकसारखं, त्याला हात लावायचा नाही. बुद्धी दाखवायची ती चौकटीत, शॉकअबमध्ये, ब्रेकमध्ये.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरले जातात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार तयार ठेवा, आणि दाखल्यावर मुलाचं नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते आत्ताच बघा. उर्दू माध्यमाच्या दाखल्यांत 'शेख' कधी आधी, कधी नंतर लिहिलेलं असतं. त्या एका शब्दावर अर्ज अडकतो.