रोप लावलं, फोटो काढला, झाली इंटर्नशिप?

कॉलेजात पर्यावरणाचा सक्तीचा पेपर सगळ्यांनीच दिलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने तो आखला तेव्हा १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष फिरून करायच्या कामाला ठेवले होते. त्या २५ गुणांसाठी झेरॉक्सच्या दुकानात किती नद्यांचं प्रदूषण आणि किती जागतिक तापमानवाढ स्पायरल बाइंडिंग होऊन गेली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. विद्यापीठाच्या पर्यावरण केंद्रातली इंटर्नशिप म्हणजे त्याच प्रोजेक्टचं मोठं भावंड, अशी समजूत तिथूनच येते. त्यात २०२३पासून नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी ४ श्रेयांकांची ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आली. तेव्हा हौशी मुलांच्या जोडीला ‘कुठेही चालेल, पण पत्र द्या’ म्हणणारी मुलंही दारात उभी राहू लागली.

दारं पुण्यात बरीच आहेत. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे. कात्रज-धनकवडीला भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३पासून आहे. आत शिरण्याआधी काही समजुती मात्र बाहेर काढून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली अर्थातच झाडं लावण्याची. ‘पर्यावरणाचं काम म्हणजे वृक्षारोपण.’ पुण्याच्या टेकड्यांवर एकदा डोळे उघडे ठेवून फिरा. जिथे तिथे गिरिपुष्प दिसेल. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून ते इथे लावलं गेलं. टेकडी हिरवी झाली खरी. पण इथलं मूळचं गवत आणि खुरटी झुडपं यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना, किड्यांना त्या हिरवाईचा उपयोग थोडाच. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे आणि ते चिंकाऱ्यासाठी आहे. चिंकाऱ्याला मोकळं माळरान लागतं. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं. त्यामुळे चांगल्या केंद्रात इंटर्नच्या हाती कुदळ येण्याआधी दोरी आणि खुंट्या येतात: एक मीटरचा चौकोन आखायचा आणि आत गवताच्या किती जाती आहेत ते मोजत बसायचं. फोटोत हे काम अजिबात उठून दिसत नाही.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे. ‘मोजायचं काय त्यात? यंत्र बुडवलं, आकडा लिहिला.’

मुठा नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा आहे, असं धरू. जुनी, खात्रीची पद्धत विंकलरची. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा नको. काठावरच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालायचं. साका तपकिरी आला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढरा आला तर जवळजवळ नाहीच. पुढचं अनुमापन प्रयोगशाळेत, तिथे निळा रंग नाहीसा होण्याच्या एका थेंबावर सगळं ठरतं. बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) हवा असेल तर दुसरी बाटली २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवायची आणि मग पुन्हा हेच सगळं.

आता चूक कुठे होते ते पाहा. बादलीने पाणी काढून वरून बाटलीत ओतलं, की हवा मिसळते आणि मुठा कागदावर स्वच्छ होते. दुपारी नमुना घेतला तर शेवाळाने उन्हात सोडलेला ऑक्सिजनही त्यात येतो. तीच जागा पहाटे वेगळं बोलते. खडकवासला धरणातून पाणी सोडून भिडे पूल बुडाला असेल, तर त्या दिवसाचा आकडा मार्चच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आकडा ही अर्धी नोंद झाली. वेळ, जागा, हवामान, विसर्ग ही उरलेली अर्धी. आणि नेमकी तीच लिहायचा कंटाळा येतो.

‘हे सायन्सवाल्यांचं काम’ असं म्हणून कला-वाणिज्यची मुलं मागे सरतात. त्यांनी पुण्याच्या कचऱ्याचा इतिहास बघावा. कचरावेचक महिलांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची. तिची सुरुवात कुठल्या प्रयोगशाळेत झाली नाही. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कामातून ती उभी राहिली, आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. आणि तो सक्तीचा पेपर आठवतो? त्याचं आयोगाने काढलेलं पुस्तक लिहिणारे, भारती विद्यापीठाच्या संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. इराच भरूचा पेशाने शल्यचिकित्सक. एखाद्या वस्तीत पाणी कोण भरतं, कधी भरतं, कितीला पडतं, हे नीट विचारून लिहायला रसायनशास्त्र लागत नाही. मराठी धड बोलता आलं पाहिजे, ही अट मात्र आहे.

‘ओळखपत्र आहे, कुठेही जाता येईल’ हा समज थेट कायद्याशी गाठ घालून देतो. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वनखात्याची परवानगी हवी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. घरट्यात मोबाइल घालून फोटो काढणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

राहिला पैशाचा प्रश्न. अ‍ॅप्रेंटिसला १९६१च्या कायद्याने विद्यावेतन द्यावंच लागतं. इंटर्नसाठी तसं बंधन नाही. म्हणून लाजू नये, आधीच विचारावं: प्रवासखर्च कोण देणार, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळ भेटणार, आणि मी लिहिलेल्या नोंदी मी गेल्यावर कुठे राहणार. शेवटच्या प्रश्नावर समोरचे गोंधळले, तर केंद्र बदललेलं बरं. एका वर्षाच्या ओजेटीच्या १२० तासांतून नदीबद्दल फार काही कळत नाही. त्याच जागेवर, त्याच महिन्यात, पाच इंटर्ननी पाच वर्षं मोजलं तर कळू लागतं.

त्यासाठी पुढच्याला तुमची जागा सापडली पाहिजे. ‘पुलाच्या डावीकडे’ असं लिहू नका. तुम्ही डेक्कनकडून आलात की नारायण पेठेतून, त्यावर डावं-उजवं बदलतं. प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग लिहायचं: डावा काठ, पुलापासून अमुक पावलं खाली.