दहा सेकंदांची विश्रांती

स्पीकरवर ‘टिंग’ वाजतं आणि नऊ मुली एकदम सुटतात. वीस मीटरवर पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे. दुसरं टिंग वाजेपर्यंत तिथं पाय लावून वळायचं आणि तिसरं वाजायच्या आत परत यायचं. मग दहा सेकंद विश्रांती. तीही उभ्यानं नाही. मागं पाच मीटरवर ठेवलेल्या कोनला वळसा घालून पुन्हा रेषेवर हजर व्हायचं. हॉलभर रबरी तळव्यांचा चर्र-चर्र आवाज भरून राहतो. बाहेर जुलैचा कोल्हापुरी पाऊस पत्र्यावर आदळत असतो. अशा दिवसांत मैदानावर घोट्याएवढा चिखल असतो, म्हणून या मुली आत येतात.

मी बाकावर बसून हे बघते आहे ते सलग सहाव्या संध्याकाळी. हॉल एका शाळेचा आहे, मुळात बॅडमिंटनसाठी बांधलेला. फुटसाल म्हणजे बंदिस्त जागेतला पाच-पाचजणींचा फुटबॉल. त्याचं कोर्ट साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असतं, इथं लांबी थोडी कमी भरते. दमट हवेनं फरशीला ओल सुटते, म्हणून सरावाआधी दोन मुली जुन्या चादरींनी सगळी जमीन कोरडी करून घेतात. पंधरा मिनिटं लागतात त्याला. हॉल साडेसातला रिकामा करावा लागतो आणि आठच्या आत घरी पोचायचं असतं. तरी ही पंधरा मिनिटं त्यांच्या प्रशिक्षक मॅडम कधी वाचवत नाहीत. ओल्या फरशीवर वळताना घसरलेला पाय त्यांनी पाहिलेला आहे.

कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या रक्तातच आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरतं, घराघरांत वाद होतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. या नऊजणींपैकी सहाजणी तालमीच्या सावलीतच वाढल्या. भावाचे, काकाचे सामने बघत त्या फुटबॉल शिकल्या. बोलणंही तसंच पेठेतलं, ‘मी येतो’, ‘मी करतो’ असं.

चाचणी चालू आहे ती यो-यो. डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी ती फुटबॉलसाठी तयार केली आणि आपल्याकडे क्रिकेटमुळे तिचं नाव घरोघरी पोचलं. सुरुवातीचा वेग ताशी १० किलोमीटर, पुढं तो वाढत जातो, विश्रांती मात्र दहा सेकंदांचीच राहते. एकदा उशीर झाला तर ताकीद, दुसऱ्यांदा झाला तर बाहेर. क्रिकेटच्या निवडीत गाजलेला १६.१ हा आकडा म्हणजे एकूण १,१२० मीटर. आज इथली सर्वांत पुढची मुलगी, पाठीवर सात नंबर, १४.३ ला थांबली. ५६० मीटर.

आकडा ऐकायला लहान वाटतो. मैदानाला चार फेऱ्या मारणाऱ्या कुणालाही वाटेल, एवढंच? पण या चाचणीत सरळ धावणं जवळजवळ नसतंच. दर वीस मीटरला वेग घ्यायचा, थांबायचं, उलटं वळायचं, पुन्हा वेग घ्यायचा. दमवतं ते हे थांबणं आणि सुटणं. बंदिस्त जागेतला फुटबॉल असाच खेळला जातो. मोठ्या मैदानाचं माप १०५ बाय ६८ मीटर. त्यावर बावीसजण, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटरच्या आसपास जागा येते. फुटसालमध्ये दहाजणींना ८०० चौरस मीटर, म्हणजे प्रत्येकीला फक्त ८०. एवढ्याशा जागेत चेंडू हरवला की दोन श्वासांत आपल्या गोलसमोर संकट उभं राहतं. चेंडूही मुद्दाम कमी उसळणारा असतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ६५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. तो पायाजवळच राहतो, म्हणून खेळ थांबत नाही. सामन्यातला बहुतेक वेळ खेळाडूच्या हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर राहतात, असं मोजमापांत दिसलेलं आहे. म्हणूनच या खेळात बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. इथं मॅडम तीन मिनिटांवर चौकडी बदलतात. बाहेर आलेल्या मुलीनं बसायचं नाही, चालत राहायचं.

चाचणीत माझी नजर त्या दहा सेकंदांवर खिळली. धावताना सगळ्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो विश्रांतीत. अकरा नंबर परत आली की दोन्ही हात गुडघ्यांवर टेकते, मान खाली घालते, मग घाईनं कोनकडे जाते आणि टिंग वाजतं तेव्हा अजून वळतच असते. सात नंबर रेषा ओलांडल्यावर दोन पावलं तशीच सैल जाऊ देते, हात कमरेवर, तोंडानं लांब उच्छ्वास सोडत कोनला वळसा घालते आणि टिंगच्या आधी एक क्षण रेषेवर उभी असते. तिचा वेग बाकीच्यांपेक्षा फारसा जास्त नाही. ती लवकर सावरते. मॅडमच्या वहीत धावण्याच्या आकड्याशेजारी म्हणूनच दुसरी नोंद असते: थांबल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरली.

चाचणीनंतर थांबण्याचा सराव. दहा मीटर जोरात यायचं आणि तीन पावलांत उभं राहायचं. या वेळी मॅडम कोर्टाच्या कडेला चक्क मांडी घालून बसतात, कारण त्यांना गुडघे समोरून बघायचे असतात. ‘गुडघा आत पडतोय बघ. बूड खाली घे, बूड!’ पाच नंबर पुन्हा येते. या वेळी कंबर खाली, पावलं आखूड, छाती पुढं, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो. मॅडम काही बोलत नाहीत, नुसता अंगठा दाखवतात. मुलीचं तोंड उजळतं.

हा हट्ट उगाच नाही. अचानक थांबताना किंवा वळताना गुडघा आत वाकला की आतला मुख्य लिगामेंट फाटू शकतो, आणि तो धोका मुलींमध्ये मुलांच्या दुपटी-तिपटीनं असतो. ऑपरेशन, मग आठ-नऊ महिने घरी. बऱ्याच घरांत अशा मुलीचं खेळणं तिथंच संपतं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नेमानं केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. त्याला खास साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या किती शाळांच्या मुलींच्या संघात तो रोज होतो, हा प्रश्न मला या बाकावर बसून छळत राहिला. मी शाळेत खेळत होते तेव्हा वॉर्म-अप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या, एवढंच होतं.

चौथ्या संध्याकाळी नऊ नंबरची गोष्ट कळली. उन्हाळ्यात ती चाचणीत १३.२ ला, म्हणजे ३६० मीटरवर थांबायची. अंग काटक, पळायची हौस दांडगी, तरी तिथंच पाय जड व्हायचे. ‘मॅडम, पाय उचलंनात,’ एवढंच म्हणायची. आळशी आहे, मन लावत नाही, असं आधीच्या एका प्रशिक्षकांनी ठरवून टाकलं होतं. मॅडमनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि आईला बोलावून घेतलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं किमान १२ हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरात जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय होती, ती मोडली, कारण चहानं लोह नीट अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड आली. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.३ झालं आणि चाचणी १४.१ वर, म्हणजे ४८० मीटरवर गेली. गोळ्यांच्या जोडीला सरावही चालू होता, त्यामुळे सगळं श्रेय गोळ्यांना देता येणार नाही. पण ‘आळशी’ हा शब्द त्या मुलीच्या अंगावरून उतरला, हे नक्की.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त. फुप्फुसांत आलेला प्राणवायू पायांपर्यंत नेणारं रक्तच पातळ असेल तर वेग कुठून येणार? वहीत मॅडमनी आणखी एक रकाना ठेवला आहे, पाळीच्या तारखांचा. मुली तो स्वतः भरतात. पूर्वी त्या दिवसांत ‘पोट दुखतंय’ म्हणून सराव बुडायचा, आता ‘आज निम्मंच करतो मॅडम’ असं सरळ सांगितलं जातं. दोघी-तिघी पूर्ण वेगानं पळायला बिचकायच्या. कारण विचारल्यावर कळलं की नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा नव्हती. वर्गणी काढून ती आणली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा वेग बदलला. इतकी साधी अडचण, आणि ती विचारायला कुणी नव्हतं.

या मुलींसमोर आता वाट तरी दिसते. पुरुषांचा फिफा फुटसाल विश्वचषक १९८९ मध्ये सुरू झाला, बायकांच्या वाट्याला तो यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. फिलिपिन्समध्ये सोळा संघ खेळले आणि अंतिम सामन्यात ब्राझीलनं पोर्तुगालला हरवलं. त्याच वर्षी जानेवारीत भारताच्या मुली इंडोनेशियात आशियाई पात्रता फेरी खेळल्या. सात नंबरच्या फोनवर त्या सामन्यांचे तुकडे साठवलेले आहेत. ती ते गोलसाठी बघत नाही. ‘ह्या बदली होऊन बाहेर आल्या की काय करतात, ते बघतो मी,’ ती म्हणाली.

साडेसात वाजले. चिकटपट्ट्या उपटून झाल्या, चादरी वाळत घातल्या, मुली पावसात पांगल्या.

तुमच्या घरातली मुलगी खेळायला जात असेल आणि ‘लवकर दमते’ असं कुणी म्हणत असेल, तर तिला बोल लावण्याआधी याच आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.