कवच फुटते तेव्हा: मॉट यांचा प्रश्न आणि भिलाईची पोलादी प्लेट

2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे आयएनएस विक्रांत नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी सेलने सुमारे 30,000 टन विशेष पोलाद पुरवले, आणि ते पुरवणाऱ्या कारखान्यांत भिलाईही होता. डीएमआर 249ए हे पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातुकी संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले. जवळ स्फोट झाला तरी प्लेटेत तडा धावू नये, ही त्याच्याकडून अपेक्षा. प्लेटेच्या आत खलाशी असतात. ही अपेक्षा समजण्यासाठी आधी उलटा प्रश्न घेऊ: पोलाद फुटतेच, तेव्हा तुकडे किती होतात?

ब्रिटिश तोफखान्यातील हेन्री श्रॅप्नेल यांनी 1784 च्या सुमारास पोकळ गोळ्यात छर्रे भरले. तिथे मारा छर्‍यांचा, कवच म्हणजे नुसती पेटी. पुढे तीव्र स्फोटके आली आणि कवचाचेच तुकडे मारक ठरले. (नाव मात्र श्रॅप्नेल यांचेच चिकटले!) तुकडे वेचून, चाळून, तोलून तक्ते बनत, ते तसेच का होतात, हे तक्ता सांगत नसे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील फोर्ट हॉलस्टेड येथे नेव्हिल मॉट यांनी ते कारण मांडले. कवचाचे एक कडे डोळ्यांसमोर आणा. स्फोटाने ते वेगाने फुगते आहे. धातू सगळीकडे सारखा नसतो. जिथे दुबळा, तिथे पहिला तडा पडतो. तडा पडताच त्याच्या दोन्ही बाजूंचा ताण उतरतो आणि ही सुटका धातूतून पुढे पसरते. ती पोहोचली तिथे नवा तडा पडत नाही. न पोहोचलेला भाग ताणतच राहतो आणि फुटतो. तुकड्याची लांबी या शर्यतीत ठरते. फुगण्याचा वेग वाढला, की तुकडे लहान. मॉट यांचे हे काम 1947 मध्ये खुलेपणाने प्रसिद्ध झाले. 1977 चे नोबेल त्यांना वेगळ्याच विषयासाठी मिळाले. पण तिथेही प्रश्न अव्यवस्थित पदार्थांचाच होता.

पहिला तडा केव्हा पडेल, हे मात्र पोलाद बनवतानाच बरेचसे ठरते: कार्बन कमी, गंधक-फॉस्फरस अगदी थोडे, कण बारीक. तुमच्या प्रयोगशाळेत चार्पी यंत्र असेल तर खाच पाडलेला साध्या पोलादाचा नमुना बर्फात गार करून, दुसरा तसाच ठेवून, दोन्ही लंबकाखाली तोडून पाहा. चिवट तुटीचा पृष्ठभाग राखाडी, तंतुमय दिसतो. ठिसूळ तुटीचा चकचकीत, दाणेदार.