वजन तेच, मग जड का?

कुऱ्हाडीचा दांडा शेवटाला धरा. कुऱ्हाड आडवी उचला. मनगट लगेच भरून येते. आता तीच कुऱ्हाड पात्याजवळ धरून उचला. किती हलकी लागते! वजन तर तेच. मग हा फरक कशाचा?

हा फरक तोलाचा आहे. कुऱ्हाडीला दोरी बांधून ती टांगा. दोरी मागेपुढे सरकवा. एका जागी कुऱ्हाड सरळ आडवी राहते. ती तिच्या तोलाची जागा. ही जागा पात्याजवळ असते, कारण बहुतेक वजन तिथल्या लोखंडात असते.

हात या जागेपासून जितका लांब, तितकी कुऱ्हाड जड लागते. १ फुटाचे अंतर २ फूट झाले, तर ती आडवी धरायला दुप्पट जोर लागतो. तितक्याच झपाट्याने फिरवायला तर सुमारे चौपट!

पण हे जडपण उपयोगाचेही असते. लांब दांड्याचे पाते वेगाने येते आणि घाव खोल बसतो. म्हणून मोठा ओंडका फोडायला लांब दांडा बरा. फांद्या छाटायला आखूड बरा.

जाणता लाकूडतोड्या पाहा. कुऱ्हाड उचलताना त्याचा एक हात पात्याजवळ असतो. घाव घालताना तो हात सरकत दांड्याच्या शेवटाकडे येतो. उचलायला हलकी, घावाला भारी!

दांडा बसवताना नुसती लांबी पाहू नका. कुऱ्हाड आपल्या हाताला पेलते का, तेही पाहा. हात दमला की घाव चुकतो. आणि चुकलेला घाव पायावर येतो.