रांगेचेही मोल

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हा प्रौढांना प्रवेशशुल्क १ डॉलर होते. खेळांची तिकिटे वेगळी. महागाई जमेस धरता त्या डॉलरचे मोल २०२४ मध्ये सुमारे १२ डॉलर भरते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र गर्दीच्या दिवसाचा कमाल दर २०६ डॉलर झाला. आता खेळ प्रवेशातच अंतर्भूत आहेत हे खरे. परंतु रांग टाळण्याची १९९९ पासूनची विनामूल्य सोय २०२१ मध्ये सशुल्क झाली. २०१६ पासून दरही गर्दी पाहून ठरतो. अर्थशास्त्र यास मागणीचे नियमन म्हणेल. परंतु शाळेच्या सुटीतच सवड मिळणाऱ्या कुटुंबाला स्वस्त दिवस कोठून लाभणार? पूर्वी रांगेत श्रीमंताचा आणि गरिबाचा तास सारखाच खर्ची पडे. ती समताच आता विक्रीस निघाली आहे.