लेगोच्या विटेचं वय

लेगो कंपनीला एका गोष्टीचा फार अभिमान आहे. १९५८ साली बनलेली तिची वीट आज कारखान्यातून निघालेल्या विटेवर घट्ट बसते. खेळणाऱ्या मुलांची यात चैन असली, तरी जुने संच जमवणाऱ्यांना मात्र ती डोकेदुखी आहे. एकदा खोकी फुटली की आजोबांच्या, वडिलांच्या आणि नातवाच्या विटा एकाच डब्यात जातात, आणि सगळ्या एकमेकींत बसत असल्यामुळे कोणती कोणाची हे खेळताना कधी कळतच नाही. पुढे तोच डबा ‘साठच्या दशकातला संच’ म्हणून विकायला येतो. त्याचं वय कशावरून ठरवायचं? खोक्यावरचं साल, विकणाऱ्याचा शब्द आणि तुकड्याचा रंग ही हाताशी असलेली साधनं, आणि तिन्ही कच्ची. भरवसा ठेवायचाच तर दोन गोष्टींवर ठेवावा: वीट कोणत्या प्लास्टिकची आहे आणि कोणत्या साच्यातून निघाली आहे. तोही दोन्ही साक्षी एकत्र तपासून, आणि त्यांच्याकडून नेमक्या सालाची अपेक्षा न करता.

आधी प्लास्टिकचं पाहू. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने १९४९ मध्ये पहिल्या विटा काढल्या, त्या सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ‘किडीक्राफ्ट’ ठोकळ्यांवर त्या बेतलेल्या होत्या. सेल्युलोज ॲसिटेट वर्षानुवर्षांत आकसतं, वाकतं. अशा विटेच्या लांब भिंती मधेच आत झुकलेल्या दिसतात आणि दुसऱ्या विटेवर ती एकतर सैल बसते, नाहीतर बसतच नाही. १९६३ पासून कंपनीने एबीएस हे टणक, आकार न सोडणारं प्लास्टिक वापरायला घेतलं. ही दोन प्लास्टिकं नुसत्या नजरेने ओळखता येतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाकलेल्या विटेबाबत ते खरंही असतं. पण उन्हापासून जपलेली, न वाकलेली ॲसिटेटची वीट नजरेला सहज फसवते. तिथे वजन कामी येतं. एबीएसची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण १.०५ ग्रॅम, सेल्युलोज ॲसिटेटची १.३ च्या आसपास. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. पण मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेल्या पाण्याची घनता १.२ पर्यंत जाते, आणि त्यात एबीएस तरंगतं, ॲसिटेट तळाला जातं. विटेच्या पोकळीत अडकलेली हवा मात्र आधी काढायला हवी, नाहीतर ॲसिटेटही तरंगेल आणि निकाल उलटा लागेल. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवाने परीक्षा घेणाऱ्यांनी हात आवरावा. त्यातल्या ॲसिटोनमध्ये दोन्ही प्लास्टिकं विरघळतात. म्हणजे वीट जाते आणि उत्तरही मिळत नाही.

साच्याची साक्ष विटेच्या पोटात असते. आठ उंचवट्यांची, दोन बाय चारची वीट उलटी करून पाहावी. सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या. आत काहीच नसल्यामुळे रचलेली घरं हलवली की कोसळत. २८ जानेवारी १९५८ ला गॉटफ्रेड कीर्क क्रिस्टियान्सेन यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिने पोटात नळ्या आणल्या, आणि वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेचे उंचवटे पकडून ठेवू लागल्या. पुढच्या काळात या नळ्यांना भिंतींशी जोडणाऱ्या पातळ आडव्या पट्ट्या आल्या. सपाट, उंचवटे नसलेल्या टाइलचंही तसंच: जुन्या टाइलच्या तळकडेला खाच नाही, नव्या टाइलला आहे, कारण नख घालायला खाच नसल्यामुळे जुनी टाइल निघता निघत नसे. विटांच्या खरेदीविक्रीसाठी २००० मध्ये सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतलेल्या ‘ब्रिकलिंक’च्या सूचीत असे बदल वेगवेगळ्या नोंदींनी दाखवलेले असतात. साच्यावर भर देण्याचं कारण सरळ आहे. साचा पोलादाचा असतो; त्यात केलेला बदल त्यातून निघणाऱ्या प्रत्येक विटेत उतरतो, आणि घरी बसून कोणी पोटात पट्ट्या घालू शकत नाही.

रंगाचं तसं नाही. २००४ च्या सुमारास कंपनीने जुना राखाडी बंद करून निळसर झाक असलेला राखाडी आणला आणि चाहत्यांनी बराच गहजब केला. त्यामुळे राखाडी तुकड्यावरून काळ ठरवण्याचा मोह होतो. पण एबीएस उजेडात पिवळं पडतं. निळसर राखाडीवर पिवळी छटा चढली की तो जुन्या राखाडीसारखा दिसू लागतो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून पिवळेपणा काढणारेही आहेत. रंग पाहायचाच तर आतल्या बाजूला, जिथे उजेड पोहोचलेला नाही तिथे पाहावा, आणि तो शेवटचा पुरावा मानावा.

यावर एक आक्षेप बिनतोड वाटतो: नवा साचा आला म्हणून जुना त्याच दिवशी थांबत नाही. दोन्ही काही काळ सोबत चालतात, गोदामातला माल मिसळतो, त्यामुळे एकाच सीलबंद खोक्यात दोन साच्यांचे तुकडे मिळू शकतात. शिवाय अमेरिकेत १९६१ ते १९७२ सॅमसोनाइट कंपनी परवान्यावर विटा बनवत होती, त्यामुळे डेन्मार्कचा कालक्रम तिथल्या विटांना जसाच्या तसा लावता येत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याने साच्याची साक्ष रद्द होत नाही, तिची मर्यादा कळते. पोटात नळ्या असतील तर वीट १९५८ च्या आधीची नाही, एवढं ठाम. ती कधीपर्यंत बनत राहिली असेल, हे नळ्या सांगत नाहीत. ‘पेटंट प्रलंबित’ असा शिक्काही साच्यातच कोरलेला असतो, त्यामुळे साचा चालू असेतो तो प्रत्येक तुकड्यावर उमटत राहतो, पेटंटचं काहीही होवो. विक्रेत्याने ‘१९६२’ असं छातीठोक सांगितलं, तर ते साल तुकड्यावर कुठे आहे, एवढंच विचारावं.

दुसरा आक्षेप जास्त तिरका आहे. हा सगळा कीस व्यापाऱ्यांनी भाव चढवण्यासाठी पाडला आहे, खेळण्याला काय वंशावळ! भावाचा भाग नाकारण्यात अर्थ नाही. पण जुन्या लाल-पिवळ्या विटांच्या रंगांत कॅडमियम सापडलं आहे, आणि मुलाच्या हातात कोणता डबा द्यायचा हा प्रश्न भावाचा नाही. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाहून आलेल्या, झिजलेल्या लेगोच्या विटा घेतल्या. विटांचा आकार आणि क्ष-किरणांनी तपासलेली रंगद्रव्यांतली मूलद्रव्यं जुळवून प्रत्येकीची न झिजलेली जोडीदार शोधली, आणि दोघींच्या वजनातल्या फरकावरून झीज मोजली. अशी वीट समुद्रात १०० ते १,३०० वर्षं टिकू शकते, असा त्यांचा अंदाज निघाला. झीज मोजायची तर मूळ वीट कोणती हे आधी ठरवावं लागलं, आणि त्यासाठी त्यांनी वापरल्या त्या दोनच खुणा: आकार आणि द्रव्य.